काळा होतो तेच बरं होतं

मी तवा बोलतोय. लोखंडी, भाकरीचा, दोन कड्यांचा. आधीच सांगून ठेवतो, आज माझ्या तोंडून गोड काही निघणार नाही. ज्या माणसानं मला घडवलं, त्याच्यावर गेले पाच महिने मी डूख धरून आहे. माझी हकीकत ऐकल्यावर तुम्हीही धराल. नाही धरलात, तर तुमच्या घरी नक्कीच नॉनस्टिक असणार.

माझा जन्म भोसरीतल्या एका पत्र्याच्या शेडमधला. सोनबा म्हणून एक आहे, जुन्या गावठाणातला. त्याचं तिथं दोन लेथ मशीनचं वर्कशॉप होतं, अजूनही आहे. उद्धव त्याचा मित्र. तेव्हा उद्धवला कुणी राव म्हणत नव्हतं. पंचवीस वर्षांचा पोरगा, कंपनीत मशीनवर कामाला, आणि नुकतंच लग्न झालेलं. बायको कुसुम बार्शीकडची. भाड्याच्या एका खोलीत संसार थाटला, पण बाजारातून आणलेला तवा इतका पातळ की भाकरी मधे जळायची आणि कडेला कच्ची राहायची. पहिल्या आठवड्यात कुसुम दोनदा रडली.

मग एका रविवारी उद्धवनं सोनबाच्या भंगारातून जाड प्लेटचा एक तुकडा शोधला. तो लेथवर चढवला, गोल केला, मधून किंचित खोलगट उतरवला, दोन कड्या ठोकल्या आणि सायकलच्या हँडलला अडकवून मला घरी नेलं. हे एक काम त्यानं चांगलं केलं. मी रागात असलो तरी खोटं बोलणार नाही.

पण लेथवरून उतरलं की लोखंडाचा लगेच तवा होत नाही. ते काम कुसुमचं. तिनं मला राखेनं घासलं, तेल लावलं, अर्धा कांदा सुरीला टोचून माझ्यावरून फिरवला, तापवलं, थंड केलं, पुन्हा तेल लावलं. पहिल्या पंधरा दिवसांच्या भाकऱ्या माझ्यावर चिकटल्या. ते तुकडे तिनं दुधात कुस्करून स्वतः खाल्ले आणि त्यातल्या त्यात धड निघालेली उद्धवच्या डब्यात दिली. मग हळूहळू मी काळा व्हायला लागलो. पहिली अख्खी भाकरी सुटून टम्म फुगली, तेव्हा ती एकटीच हसली होती. उद्धव कामावर होता. त्याला ते कधी कळलंच नाही.

तीस वर्षं. सकाळ-संध्याकाळ भाकऱ्या, शनिवारी थालीपीठ, मधे शेंगदाणे, ठेच्याच्या मिरच्या. मुलगी दिव्या झाली, मोठी झाली, हिंजवडीला नोकरीला लागली. भोसरीची खोली जाऊन दिघीला दोन खोल्या-किचनचा फ्लॅट झाला. घरातलं सगळं बदललं, मी नाही. तव्याला साबण लावायचा नाही, हा त्या घरातला कायदा होता. दिव्यानं एकदा लावला, तर दोन दिवस बोलणी खाल्ली. माझ्या अंगावरचा तो काळा थर म्हणजे काजळी नव्हे हो. तीस वर्षांचं तेल, पीठ आणि कुसुमचा हात. लोखंड उद्धवचं असेल, तवा कुसुमचा होता.

आणि मग उद्धवरावांनी व्हीआरएस, म्हणजे मुदतीआधीच निवृत्ती, घेतली.

वय चोपन्न. साखर थोडी वर, गुडघे थोडे खाली, तब्येत बाकी ठणठणीत. चाकणच्या कंपनीत शेवटी सुपरवायझर होते. पहाटे पाचला उठायची सवय, आणि कंपनीची बस आता काही येत नाही. सुरुवातीला छंद लावून पाहिले. गच्चीत टोमॅटो लावले, ते माकडांनी नेले. मोबाईलवर गाणी म्हणायला लागले, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या माणसानं हात जोडले. रोज दहा हजार पावलं चालायचं ठरवलं आणि ती हॉलमध्येच चालायला लागले. शेवटी एके दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "कुसुम, इथं खूप इम्प्रूव्हमेंटला वाव आहे."

त्या दिवशीच मला पुढच्या संकटाचा वास आला होता.

दुसऱ्या दिवशी डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. हळद, किमान साठा पाव किलो. गॅसच्या भोवती पिवळी पट्टी चिकटली, तिच्या आत चमचा ठेवायचा नाही. कंपनीत नियम असतो म्हणे, महिनाभर जी वस्तू वापरली नाही तिला लाल चिठ्ठी लावून बाहेर काढायची. त्यांनी पुरणयंत्राला लाल चिठ्ठी लावली. शेवेच्या सोऱ्याला लावली.

"अहो, सोऱ्या दिवाळीला लागतो."

"मग दिवाळीला स्टोअरमधून इश्यू करू."

कुसुमनं सोऱ्या गॅलरीतून उचलून पुन्हा मांडणीवर ठेवला. असं आठ दिवस चाललं. ते बाहेर काढायचे, ती आत आणायची.

मग भिंतीवर एक मोठी फळी आली. तिच्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा रंगवलेली, उलथण्याची, झाऱ्याची, सांडशीची, स्कूटरच्या चावीची. आणि मधोमध माझी. वस्तू जागेवर नसली की रिकामा आकार ओरडून सांगतो, असं त्यांचं म्हणणं. मी तीस वर्षं ओट्याच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून सुखात उभा होतो. आता मला खिळ्याला टांगलं, चुकलेल्या कामगाराला ऑफिसबाहेर उभं करतात तसं.

एकदा तर कुसुम भाकऱ्या करत असताना ते मोबाईलवर वेळ लावून शेजारी उभे राहिले.

"एका भाकरीला दोन मिनिटं वीस सेकंद लागतात. थापताना तू दोनदा थांबतेस. तिथं लॉस आहे."

"घाम पुसायला थांबते. ह्या वयात येतो तो."

"मग टॉवेल उजवीकडे ठेव ना."

कुसुमनं भाकरी उलटली आणि माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत आम्ही पुष्कळदा असं एकमेकांकडे पाहिलेलं आहे. मी जरा जास्तच तापलो, पण भाकरी करपू दिली नाही. चूक भाकरीची नव्हती.

उंटावरून शेळ्या हाकणारे असतात, ते परवडतात. हे खाली उतरून शेळीला चालायला शिकवत होते. तरी इथपर्यंत मी सहन केलं. चिठ्ठ्या निघतात, पट्ट्या उचकटतात. पुढचं मात्र भरून न येणारं होतं.

एप्रिलमध्ये कुसुम भाच्याच्या लग्नाला चार दिवस बार्शीला गेली. त्याच आठवड्यात यांच्या लग्नाला तीस वर्षं होत होती. घरात एकटे उद्धवराव, हातात मोबाईल. कुणीतरी कोट घातलेला माणूस त्यात सांगत होता की काळ्या तव्यावरचा थर पोटात जातो आणि घात करतो. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, नखानं खरवडलं आणि वर्तमानपत्रात गुंडाळून स्कूटरवर घातलं. तीस वर्षांनी मी सोनबाच्या शेडमध्ये परत गेलो. माहेरी आल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही.

सोनबानं मला हातात घेऊन फिरवून पाहिलं. "भावा, वहिनीला इचारलंस का?"

"सरप्राइज आहे राव. लग्नाचा वाढदिवस."

"ह्यो काळा हाय तेच त्याचं काम हाय. आमची आय तव्याला नख लावू देत न्हवती."

"अरे, कार्बन आहे तो! पोटात जातो."

"तीस वर्सं गेला की पोटात. मेलास का?"

बोलायचं ते बोलला, पण मशीन चालू केलं त्यानंच. मैत्रीत माणसं असली पापं करतात. माझ्या कड्या उपटल्या, मला लेथच्या चकमध्ये, त्या लोखंडी जबड्यात, आवळलं आणि कापायचं टूल लावलं. कुसुमची तीस वर्षं पाच मिनिटांत काळ्या भुग्यासारखी खाली पडली. ज्या दिवशी पहिली भाकरी फुगली तो दिवसही त्यातच कुठेतरी होता. सोनबाच्या माणसानं तो भुगा झाडूनं लोटून भंगारात टाकला. मग बफिंग, म्हणजे घासून घासून चकाकवणं. उद्धवराव शेजारी उभे राहून सांगत होते, "अजून, अजून. आरसा दिसला पाहिजे."

आरसा दिसला. त्यांनी त्यात बघून मिशा नीट केल्या.

कुसुम परत आली ती शाळूची नवी ज्वारी घेऊन. तिच्या भावाच्या रानातली. तिथंच दळून, पिठाची पिशवी मांडीवर घेऊन एसटीत बसली होती. पाय धुतले आणि म्हणाली, पहिली भाकरी करते गरम गरम. फळीकडे वळली. माझ्या पुन्हा ठोकलेल्या कडीला लाल रिबीन बांधलेली होती.

तिनं मला खाली घेतलं. माझ्यात तिचा चेहरा दिसला, प्रवासानं थकलेला, कानशिलांवर पांढरे केस. आम्ही दोघंही असे कधी समोरासमोर आलो नव्हतो.

"माझा तवा कुठाय?"

"हाच की! ओळखला नाहीस ना? बघ, जसा दिला होता तसा करून आणला."

"ह्यो माझा तवा न्हाई."

"अगं, हाच. मीच केलेला, मी ओळखणार नाही?"

तिनं गॅस पेटवला, मला ठेवलं, पीठ मळलं, थापलं. नव्या ज्वारीची भाकरी माझ्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला. पण सोललेल्या कातडीनं मी तिला काय सोडणार? भाकरी चिकटली. उलथणं घातलं तर फाटली. दुसरी चिकटली. तिसरी चिकटली. चौथीचं पीठ हातात तसंच ठेवून ती उभी राहिली.

"सवय होईल गं," उद्धवराव म्हणाले. "रन-इन व्हायला वेळ लागतो नवीन पार्टला."

कुसुमनं गॅस बंद केला. हात धुतले. पदराला पुसले. आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी घरात नसताना माझ्या तव्याला हात लावलाव. मला इचारायचं तरी. आता सैपाकघर तुमचं. तुमचीच फळी, तुमच्याच पट्ट्या. हा तवा माझ्यासारखा काळा करून दाखवा. तोवर मी ओट्याला शिवणार न्हाई."

आणि शिवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळीवरचा स्कूटरच्या चावीचा आकार रिकामा होता. दिव्या शनिवार-रविवार येऊन आईला स्कूटर शिकवायला लागली, मिलिटरीच्या भिंतीलगतच्या मोकळ्या रस्त्यावर. तीस वर्षांत उद्धवरावांनी तिला चावीला हात लावू दिला नव्हता, क्लच-ब्रेक तुला जमणार नाही म्हणून. त्या स्कूटरला क्लच नाहीच. एक्कावन्नाव्या वर्षी ती गुडघा फोडून घ्यायची, आयोडीन लावायची आणि पुन्हा जायची. आता ती मोशीपर्यंत भाजीला जाऊन येते.

आणि हे इथं, माझ्यापुढे.

पहिल्या आठवड्यात त्यांनी मला ओला ठेवला. मला तांबूस गंज चढला आणि मला मनापासून आनंद झाला. मग तेल इतकं ओतलं की मी गुळासारखा चिकट झालो, त्यावर एक माशी मेली. त्यांनी फ्रिजवर तक्ता लावला, दोन रकाने, 'चिकटली' आणि 'सुटली'. रोज सकाळी भाकरी थापतात, कडा फाटलेली, नकाशासारखी. माझ्यावर टाकतात. मी धरून ठेवतो. खुशाल सांगतो, काही वेळा मुद्दाम धरून ठेवतो. बोटांना चटके बसतात, तेव्हा मला बरं वाटतं. एकदा ते सोनबाला फोनवर म्हणाले, "राव, ही दोन मिनिटं वीस सेकंदांत कशी करत होती?" मी तापलेलाच होतो, आणखी तापलो. तीस वर्षं ती समोर उभी होती, तेव्हा विचारायचं होतं.

पाच महिने झाले. पट्ट्या निघाल्यात, त्यांच्या स्वतःच्याच पायात येत होत्या म्हणून. सोऱ्या मांडणीवर परत आलाय. राख त्यांनी कुठून तरी मिळवली, कांदा सुरीला टोचून फिरवायला शिकले. कुणाला विचारून शिकले, ते मला माहीत नाही. माझा तळ आता चकाकत नाही. मधोमध तळहाताएवढा काळा डाग धरलाय. तो त्यांच्या हातचा आहे, हे मी कधीही कबूल करणार नाही.

तक्त्यावर 'सुटली'चा रकाना अजून कोरा आहे.

काल सकाळी मात्र ते दूध आणायला गेले होते. कुसुम स्वयंपाकघरात आली. दारातच घुटमळली. मग पुढे येऊन तिनं माझ्यावर पालथी बोटं टेकवली, थंड होतो मी. गॅस पेटवला. पाण्याचे दोन थेंब टाकून पाहिले. पीठ घेतलं, मूठभरच. त्या थापण्याचा आवाज पाच महिन्यांनी ऐकला आणि मला माझा सगळा राग क्षणभर सापडेना.

भाकरी टाकली. पाणी फिरवलं. उलथणं लावायच्या आतच मी सोडली. उलटली, पुन्हा उलटली, आणि ती फुगली. टम्म, कडेपासून कडेपर्यंत.

कुसुम हसली. उभ्यानंच ती भाकरी ठेच्याबरोबर खाल्ली. मग ओटा पुसला, पिठाचा कणही ठेवला नाही. मला फडक्यानं पुसलं, त्यांच्या रंगवलेल्या आकारात बरोब्बर टांगलं आणि माझ्या त्या काळ्या डागावर बोट ठेवून म्हणाली, "यांना सांगू नगंस."

दूध घेऊन ते आले, हात धुऊन भाकरी थापायला उभे राहिले. मी धरून ठेवली. त्यांनी मुकाट्यानं तक्त्यावर 'चिकटली'पुढे खूण केली आणि फाटलेली भाकरी दुधात कुस्करून घेतली.

कधी दिघीला आलात, त्यांच्या घरी चहाला बसलात, तर तक्ता बघा, माझ्याकडे बघा, हवं तर मला नावं ठेवा. पण कालच्या त्या फुगलेल्या भाकरीचं तेवढं मात्र त्यांना सांगू नका.