सहावा दिवा

अझातने मॉस्कोहून प्रोसेसर पाठवला तो लोकरी मोज्यात गुंडाळून, बसने येणाऱ्या एका बाईच्या हाती. माझा हा धाकटा भाऊ तिकडे गोदामात कामाला आहे. प्रोसेसर त्याने स्वतःच्या कॉम्प्युटरमधून उपटला होता. "माझ्याकडे आता रिकामी पेटी राहिलीय, ताई. तू चालव," एवढंच फोनवर म्हणाला.

मी बिश्केकमध्ये घरी बसून शिवणकारखान्यांसाठी साचे काढते. कापडावर तुकडे कसे मांडले म्हणजे चिंध्या कमी निघतील, ते माझा कॉम्प्युटर ठरवतो. जुना प्रोसेसर इतका दमला होता की एका मांडणीला अख्खा दिवस घ्यायचा. शाळेच्या गणवेशांचं काम आलं होतं आणि मंगळवारी कापड कापायला घ्यायचं होतं. नवा जळला, तर दुसरा नव्हता, ना माझ्याकडे ना अझातकडे.

"तुझ्या बोर्डावर बसतो म्हणालीस ना? मग लाव की," माझा नवरा झार्लिक म्हणाला.

"आधी पॉवर सप्लाय तपासते. तो कमी पडला तर प्रोसेसर जळायचा."

"पाचशे वॉट लिहिलंय त्यावर. आकेंनी आणलाय तो."

इथेच तर गोम होती. आके म्हणजे झार्लिकचे थोरले भाऊ. त्यांचं नाव आमच्यात सुनेने घ्यायचं नसतं, म्हणून इथेही ते आकेच. सप्लाय त्यांनी ओळखीच्या माणसाकडून, स्वतःच्या शब्दावर आणून दिला होता. त्यावर शंका घेणं म्हणजे त्यांच्यावरच शंका घेणं.

पण मी डोळे मिटून कशी लावू? जुना प्रोसेसर पासष्ट वॉट खायचा, नवा भर कामात दोनशेपर्यंत जातो. बाकीचं धरून बेरीज तीनशेच्या घरात. सप्लायवर पाचशे ठळक छापलं होतं, पण खरं काम करते ती बारा व्होल्टची ओळ, आणि तिच्यापुढचा आकडा नेमका पुसट. शिवाय चांगला सप्लाय हाताला जड लागतो, हा रिकाम्या डब्याइतका हलका.

"आकेंना काही बोलू नकोस हं," झार्लिक कळवळून म्हणाला.

"मी कशाला बोलू? दिवे बोलतील."

तंत्रशाळेत शिकलेली युक्ती होती ती. मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब बारा व्होल्टवर चालतो आणि पंचावन्न वॉट ओढतो. सहांचे तीनशे तीस होतात; तेवढे पेलले, तर सप्लाय पास. आणि आकेंचं दुकान हेडलाइटचंच. रविवारी सकाळी मी तिथे जाऊन उभी राहिले.

"सहा बल्ब द्या, आके."

"सहा डोळ्यांची गाडी कधी घेतलीस, सूनबाई?"

"पॉवर सप्लायला लावायचेत. किती पेलतो ते बघायचंय."

त्यांचं हसू मावळलं. "म्हणजे माझा सप्लाय तपासणार."

"अझातचा प्रोसेसर वाचवणार."

त्यांनी शटर खाली ओढलं. "चल. दहा लावले तरी हूं की चूं करणार नाही, बघच तू."

घरी येऊन, चहा आणि तळलेल्या बोर्सोकची ताटली सरकवून आम्ही टेबलावर सगळं मांडलं. सप्लाय कॉम्प्युटरशिवाय चालू व्हावा म्हणून मी केसांतली पिन काढून त्याच्या हिरव्या आणि काळ्या तारेत अडकवली, तसा सप्लायचा पंखा फिरायला लागला. बल्ब आकेंनी स्वतः जोडायला घेतले. मल्टिमीटर माझ्या हातात होता.

"एकेक लावा. थंड दिवा सुरुवातीला भसकन ओढतो. व्होल्टचा आकडा अकरा पूर्णांक चारच्या खाली गेला की नापास."

पहिल्या दिव्याला बारा पूर्णांक एक. तिसऱ्याला अकरा पूर्णांक आठ. "बघितलंस?" आके म्हणाले. चौथ्याला अकरा पूर्णांक पाच. पाचवा लागला, आकडा अकरावर आला, सप्लाय बारीक किंचाळला आणि सगळे दिवे एकदम विझले. सहावा आकेंच्या हातातच राहिला.

झार्लिक खिडकीबाहेर बघायला लागला. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू? पण "असू द्या" काही म्हणाले नाही. म्हटलं असतं, तर तोच सप्लाय पेटीत परत गेला असता.

"पिन पुन्हा लाव," आके म्हणाले. या खेपेला सप्लायने चौथ्यालाच मान टाकली.

आकेंनी टोपी घातली, बल्ब गोळा केले, माझी पिनही खिशात टाकली आणि चहाला न थांबता निघून गेले.

"झालं समाधान?" झार्लिक म्हणाला. मी प्रोसेसर मोज्यात परत ठेवला.

दुपारी दार वाजलं. आके आत आले आणि त्यांनी एक जडशीळ सप्लाय टेबलावर आदळला.

"कॉम्प्युटर बाजारात दुकानादुकानात दिवे पेटवत फिरलो. दोघांनी हाकललं. एकाचा पाचव्याला गेला, तर तो माझ्याच अंगावर आला. हा सहा पेलतो."

"इथे पुन्हा बघते," मी म्हणाले.

झार्लिकला ठसका लागला. आकेंनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि खिशातून पिन काढून दिली. "बघ. नाहीतर तू मला चहासुद्धा देणार नाहीस."

सहा दिवे मी दहा मिनिटं जळू दिले. आकडा अकरा पूर्णांक नऊवरून हलला नाही. मगच प्रोसेसर मोज्यातून बाहेर काढला. पहिली मांडणी वीस मिनिटांत पुरी झाली.

अझातला फोन लावला, तर आकेंनी तो माझ्या हातातून घेतला.

"अझात, माझ्या भरवशावर राहिली असती तर आज तुझा प्रोसेसर जळाला असता. हिने वाचवला."

सासरचा वडीलधारा माहेरच्या धाकट्यापुढे असं कधी बोलत नाही.

"आणि ती रिकामी पेटी फेकू नकोस," आके पुढे म्हणाले. "पेटीत बसवायला प्रोसेसर मी पाठवतो. पण आधी तिच्यातला सप्लाय किती दिवे पेलतो, ते तुझ्या ताईला दाखव."

मी दुसरी मांडणी सुरू केली.