अर्धा कोयता

माझ्या बाभळीच्या मुठीवर अंगठ्याच्या झिजेचे दोन खळगे आहेत. एक खोल आणि रुंद, तो केशरबाईचा. त्याच्या बोटभर खाली दुसरा, उथळ, पावलीएवढा. तो तिच्या थोरल्या मुलीचा, लंकेचा. मित्रांनो, मी ऊसतोडीचा एक जुना कोयता आहे.

जामखेडच्या लोहाराने मला ट्रकच्या जुन्या पाट्यातून घडवलं. दर दसऱ्यानंतर केशरबाई आणि तिचा नवरा श्रीमंत श्रीगोंद्याच्या उसात जात. आमच्याकडे तोडणीच्या जोडप्यालाही ‘कोयता’च म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम त्याला टोळीत सहसा घेत नाही.

केशरबाईला अक्षर येत नव्हतं. गावात सातवीपर्यंत शाळा झाली, तेव्हा लंकेला तिनेच नेऊन बसवलं. लंका सहावीत असताना केशरबाई तापाने गेली. दसरा आला. श्रीमंत मान खाली घालून म्हणाला, “एवढ्या साली चल, लंके. फुडल्या साली तुजी साळा.”

लंकेने विज्ञानाचं पुस्तक बरोबर घेतलं. पहिल्या साली ती माझ्या प्रत्येक घावाला एकेक शब्द म्हणे, “प्रकाश... सरळ... रेषेत... जातो.”

बायका हसत. “मास्तरीन आली गं! ऊस सरळ तोडा!”

तीही हसे. दुसऱ्या साली वाक्य अर्ध्यावर तुटू लागलं. तिसऱ्या साली फक्त माझा आवाज उरला. त्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, आणि ती दुसऱ्याच्या कोयत्यात गेली.

मित्रांनो, मला गंज चढला तर दगडावर घासून पुन्हा धार येते. मुलीच्या सुटलेल्या वर्षांचं तसं होत नाही.

ते साल बाहत्तरचं. पाऊस नव्हता. मुकादम आसाराम नावं लिहायला आला, तेव्हा मी दाराजवळच्या कुडात खोचलेला होतो. उंबऱ्यावर धाकटी रतन तेच पुस्तक मोठ्याने वाचत होती. पानांवर उसाच्या रसाचे डाग होते. तीही आता सहावीत होती.

“काय श्रीमंता, ही बी आली की हाताला! पुरा कोयता लिवू न्हवं?”

“प्रकाश सरळ रेषेत जातो,” रतन वाचत होती.

श्रीमंतने मला कुडातून उपसलं. त्याचा अंगठा लहान खळग्यावर टेकला. त्यात मावला नाही.

“बोल की! अर्ध्याला औंदा काम मिळंल का, सांगता येत न्हाई.”

“म्हाईत हाय,” श्रीमंत म्हणाला. “अर्धाच लिवा. रतन चुलतीपाशी ऱ्हाईल. साळंत जाईल.”