चाळीसच्या जागी शंभर

चाळिशीत कॉलेजचं खूळ घेतलं म्हणून घरातले सगळे हसले. धाकटी जाऊ तेवढी हसली नाही. माझ्या वाटची धुणीभांडी तिनं गुपचूप अंगावर घेतली.

आम्ही दोघी पिशव्यांच्या एकाच कारखान्यात. ती आणि आणखी एक बाई चेन शिवतात, मी तयार माल तपासते. मी संख्याशास्त्र शिकतेय हे साहेबांच्या कानावर गेलं. म्हणाले, "चेनवरच्या दोघींतली एक कमी करायचीय. कुणाचा माल जास्त बिघडतो, ते तुमच्या गणितानं सांगा." तिथंच नाही म्हणायचं, तर मला मेलीला हौस.

दोघींच्या चाळीस-चाळीस पिशव्या पाहिल्या. जावेच्या बारा खराब, दुसरीच्या सहा. म्हणजे तीस टक्के आणि पंधरा टक्के. हेच टक्के मी काय-स्क्वेअर नावाच्या चाचणीच्या चौकटीत भरले. उत्तर आलं ६.४५. ३.८४च्या वर गेलं की फरक नुसता योगायोग नाही, एवढं पाठ होतं. घरच्या माणसाला झाकलं असं कुणी म्हणू नये, म्हणून कागद तसाच दिला. सोमवारी जावेला सांगण्यात आलं, महिनाअखेरपर्यंतच या.

गुरुवारी तासाला सर म्हणाले, "चौकटीत टक्के भरू नका. मोजलेत तेवढेच आकडे घ्या. चाळीस मोजून शंभर मोजल्याचा आव आणलात, तर उत्तर फुगतं."

वहीत पुन्हा मांडलं. जावेच्या बारा खराब, अठ्ठावीस चांगल्या; दुसरीच्या सहा आणि चौतीस. उत्तर २.५८, म्हणजे ३.८४च्या खालीच.

अर्ध्या हळकुंडानं पिवळी झाले होते, दुसरं काय. सकाळी साहेबांपुढे उभं राहून चूक कबूल केली. नको नको ते ऐकून घेतलं, पण जावेचं काम वाचलं.

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. ती भांडी पुसत होती.

"म्हणजे मी चांगली शिवते, असं निघालं का ताई?"

खोटं बोलवेना. "नाही गं. एवढ्याशा पिशव्यांवरून फरक आहे असं म्हणता येत नाही, इतकंच."

"गणिताचं राहू द्या. तुम्हाला काय वाटतं?"

"आठ वर्षं तुझं काम बघतेय. तू चांगलंच शिवतेस."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग साहेबांना तेव्हाच हे का नाही सांगितलंत?"

मी फडकं घेतलं आणि तिच्या शेजारी उभी राहून उरलेली भांडी पुसायला लागले.