तारेचं दुसरं टोक

“अगं बाई, माझा गहू उभा आहे आणि कापणीचं कंबाइन शेतात आडवं पडलंय! पट्टा आज निघेल की नाही, एवढंच सांग.”

“आधी नंबर तर सांगा. मशीनच्या डाव्या अंगाला पत्र्याची पट्टी असेल, तिच्यावर आहे बघा.”

“चष्मा घरी राहिलाय.”

लेस्याने कपाळाला हात लावला, पण आवाजात साखर ठेवली. ऑगस्ट लागला की सस्कॅचवान प्रांतभरचे शेतकरी असेच तापलेले असतात, आणि त्यांचा ताप ऐकून घेणं हीच तिची भाकरी होती. सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीचे फोन ती आपल्या शेतघराच्या स्वयंपाकघरात बसून, घरच्याच कॉम्प्युटरवर घेत असे. आज तिचे कान शेतकऱ्याकडे होते, डोळे मात्र जमिनीवरच्या निळ्या तारेवर.

ती तार स्वयंपाकघरातून निघून बोळातून थेट आईच्या खोलीत जायची, कारण इंटरनेटचा डबा तिथे होता. फोनचं काम तारेवरच करायचं, वायफायवर नाही, असा कंपनीचा नियम होता. आणि आई, ऐंशी ओलांडलेली, नवरा जाऊन किती वर्षं झाली याचाही पत्ता नसलेली, मनात आलं की ती तार उपसून काढायची. मग चालू फोन तुटायचा. परवा दुसऱ्यांदा तुटला तेव्हा वरच्या हुद्द्यावरची ग्वेन अगदी गोड आवाजात म्हणाली होती, “अजून एकदा झालं ना लेस्या, तर मला दुसरं कुणी बघावं लागेल गं.” नोकरी गेली की हे घर चालणार नव्हतं, आणि घर बंद झालं की आईची रवानगी यॉर्कटनच्या वृद्धाश्रमात. रेजायना शहरात राहणारा भाऊ मायरन त्यासाठी टपूनच बसला होता.

तरी काल उपाय त्यानेच सांगितला. तार जोडली की लेस्याचं कॉम्प्युटर वायफाय आपोआप बंद करून टाकत असे.

“सेटिंगमध्ये त्यासाठी एक बरोबरची खूण असेल, ती काढून टाक. दोन्ही चालू राहू देत,” तो फोनवर म्हणाला. “तार पुढे, वायफाय मागे. एक गेलं की दुसरं धावून येईल. पण लेस्या, हे काही आईचं औषध नव्हे. आश्रमात खोली रिकामी झालीय. रविवारी येतोय मी, तेव्हा मला उत्तर पाहिजे.”

“लांब बसून शहाणपण शिकवायला काय जातं तुझं!”

असं म्हणाली खरी, पण खूण तिने मुकाट्याने काढली. ते ऐन वेळी चालेल की दगा देईल, कुणास ठाऊक. सकाळपासून ती खुर्चीच्या कडेवरच टेकली होती.

“सापडला गं नंबर,” शेतकरी म्हणाला. “लिहून घे. सात, चार...”

तार हलली. ताठ झाली. पडद्यावरची तारेची खूण विझली. शेतकऱ्याचा आवाज घरघरला, विहिरीत पडल्यासारखा खोल गेला आणि परत वर आला. “...नऊ, दोन. घेतलंस का?”

“मधले पुन्हा सांगा जरा,” लेस्या म्हणाली. फोन तुटला नव्हता.

एरवी ती या क्षणी धावत सुटायची. आईच्या हातातून तार हिसकायची, डब्यात खुपसायची, वर चार शब्द सुनावायची. आज धावायचं कारणच उरलं नव्हतं. म्हणून आज तिने पहिल्यांदाच नुसतं पाहिलं.

आई बोळातून येत होती. बाहेर अंगण उन्हाने भाजत होतं, आणि आईने रात्रीच्या झग्यावर बाबांचा जुना लोकरी कोट चढवला होता. तार एका मनगटाला गुंडाळलेली, दुसरा हात डोळ्यांपुढे आडवा. मान खाली घालून, समोरून वारा रेटत असावा तशी ती एकेक पाऊल टाकत होती.

लेस्याला ती चाल ओळखू आली. हिमवादळात स्वतःचा हातसुद्धा दिसत नसे, तेव्हा बाबा घराच्या दारापासून गोठ्यापर्यंत दोर बांधत. धार काढायला जायचं ते दोर धरून, परत यायचं तेही दोर धरून. एक शेजारी दोराशिवाय गेला, तो बर्फ वितळल्यावर सापडला, आपल्याच गोठ्यापासून हाकेच्या अंतरावर. “जीव गेला तरी दोर सोडायचा नाही,” असं आई दोघा भावंडांना बजावायची.

आणि त्याच आईच्या हातातला दोर आपण भर वादळात हिसकावून घेत होतो.

आईने टेबलाची कड चाचपली, मग लेस्याचा खांदा. “सापडलीस गं बाई!” ती धापा टाकत म्हणाली. “म्हटलं, दोराच्या टोकाला असशीलच. गोठ्यात येऊन किती वेळ झाला तुला! मागे दोनदा निघाले, तर कुणा मेल्याने वाटेतच दोर ओढून नेला.”

लेस्याने तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि गारठलेले हात चोळावेत तसे चोळले. “आता नाही कुणी ओढणार.”

“काय ओढणार?” शेतकरी खेकसला. “माझ्या पट्ट्याचं काय झालं?”

“आज संध्याकाळच्या गाडीने निघतोय,” लेस्या म्हणाली. डोळे वाहत होते, पण आवाज तिने फुटू दिला नाही.

रविवारी मायरन आला आणि स्वयंपाकघराच्या दारातच त्याच्या पोटाला दोर आडवा आला. गोठ्यातला जुना जाडजूड दोर, दाराजवळच्या खुंटीपासून बोळातून पार आईच्या पलंगापर्यंत बांधलेला. निळी तार त्याच्याखालून, भिंतीच्या कडेने मुकाट्याने गेली होती.

“हे काय करून ठेवलंयस? कुणी पडेल ना! आश्रमाचे कागद आणलेत मी, आणि तू...”

“हळू बोल. बाहेर वादळ आहे,” लेस्या म्हणाली. “आईकडे जायचं असेल तर धरून जा.”

बोळाच्या त्या टोकाला आई कोट घालून उभी होती, दोरावर हात ठेवून.

“कोण, मायरन का? दोर धरलायस ना रे?”

खिडकीतून कापणीचा धुरळा आत येत होता. मायरनने कागद टेबलावर ठेवले आणि दोन्ही हातांनी दोर धरला.

“धरलाय गं आई,” तो म्हणाला, आणि पायपुसण्यावर बूट आपटून त्याने नसलेलं बर्फ झटकलं.