ह्यूबर्टचे हात आणि माझे जळालेले गाणे

मी एक जुना चित्रपट आहे. १९३६ साली लंडनजवळच्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. माझ्यात प्रेम आहे, रुसवा आहे आणि सात गाणी होती. आता सहाच उरली आहेत. मित्रांनो, त्याचे कारण सांगताना मला आजही लाज वाटते.

व्हिटबी गावच्या थिएटरात मी तीन आठवडे चाललो. यंत्र चालवणारा ह्यूबर्ट स्टेनथॉर्प मला फार जपे. रविवारी तो चर्चमध्ये पियानो वाजवी. त्याची बायको ऑलिव्ह तिकिटे देई.

एका शनिवारी दुपारी माझी चौथी फीत कडेला फाटलेली त्याला दिसली.

"पाच मिनिटं दे, जोडतो," तो म्हणाला.

"रांग पार कोपऱ्यापर्यंत गेलीये, ह्यूबर्ट. आता कुठला जोडतोस?" ऑलिव्ह दारातून म्हणाली.

"बरं. खेळ झाल्यावर बघू."

त्याच फितीवरच्या पाचव्या गाण्यात मी नेमका तिथेच अडकलो. आमच्या काळातली फीत कापरासारखी पेटे. तापलेल्या दिव्यासमोर मी क्षणात भडकलो. ह्यूबर्टने आधी यंत्राच्या खोलीच्या खिडक्यांवरच्या झडपा पाडल्या, म्हणजे आग प्रेक्षकांकडे जाणार नाही. मग जळती फीत उघड्या हातांनी ओढून काढली.

खाली ऑलिव्ह शांतपणे सांगत होती, "दोघं-दोघं निघा. ढकलाढकली नको. पडदा कुठं पळून जात नाही." दोनशे माणसे सुखरूप बाहेर पडली.

ह्यूबर्टची बोटे मात्र कायमची आखडली. त्याने पुन्हा पियानो वाजवला नाही.

अपुरा चित्रपट कंपनीला नको होता. ह्यूबर्टने मला बागेतल्या गार खोपटात ठेवले. तिथे मी अडतीस वर्षे पडून होतो. मग जुने चित्रपट जतन करणाऱ्या मिस पॅजेट आल्या. तोवर माझी दुसरी प्रत कुठेच उरली नव्हती.

"पाचवं गाणं कुठंय, मिस्टर स्टेनथॉर्प?"

"जळालं. चूक माझी. फाटलेलं दिसलं होतं मला."

मला ओरडून सांगावेसे वाटले की अडकलो तो मी. पण मला बोलता येते ते फक्त माझ्यात भरलेले.

मित्रांनो, फाटलेले दिसले की तेव्हाच सांधा. रांग थांबते.

मिस पॅजेटनी माझी नवी प्रत काढली. तिच्या पहिल्या खेळाला ह्यूबर्ट ऑलिव्हला घेऊन आला होता. पाचव्या गाण्याच्या जागी पडदा काळा झाला. लोकांची चुळबुळ सुरू झाली. त्या अंधारात तो हळूच म्हणाला, "माफ कर."

तो ऑलिव्हला म्हणाला की मला, ते कळले नाही. पुढचे गाणे सुरू झाले होते.