शेंदराखालचा बिल्ला

अच्युत मास्तरांनी जुन्या मोटारीवरचं शेवटचं पोतं ओढून बाजूला केलं आणि बॅटरीचा उजेड बॉनेटच्या बोल्टवर धरला. बोल्टच्या कडा शाबूत होत्या. पान्याचा एक ओरखडा नव्हता.

"इले कोणी खोललंच नाई वाटते."

"खोलते कोन? बंद पडली ते पडली," प्रभाकरराव म्हणाले. "आमचा देवेंद्र म्हणते भंगार आहे. उद्या पुलगावचा माणूस कटर घेऊन येऊन राह्यला. मास्तरांनी दुर्मीळ म्हटलं तरच ठेवू म्हणे. म्हणून तं तुमाले रोहण्याले बोलावलं."

मास्तरांनी वर्ध्याच्या आयटीआयमध्ये जन्मभर मोटारी शिकवल्या होत्या. दार उघडून त्यांनी बिजागरीजवळ बोट फिरवलं. रंग कारखान्यातलाच, एकदाही वरून दुसरा लावलेला नाही. आतली लाकडी चौकट, सीटचं कातडं, सगळं पहिलं. बायको, शरयू, गेल्यापासून त्यांना पहिल्यांदाच सडकून भूक लागली.

आता बिल्ला तेवढा पाहायचा होता. या कारखान्याच्या साध्या गाड्यांच्या बिल्ल्यावर नुसतं नाव असे. मोजक्याच गाड्यांवर पंख. पण गाडीच्या नाकावर शेंदराचं जाड पुट चढलं होतं.

"हे काय हो?"

"आमच्या हिचं काम. दर दसऱ्याले तेल-शेंदूर. म्या म्हटलं, देवकाबाई, मारोती आहे काय तो? तं म्हणे, तुमचा मिस्त्री तं कदी आलाच नाई. देवच चालू करन." प्रभाकरराव हसले. "गाडी राह्यली, तेच गेली पोळ्याच्या आधी. खरडा तुमी."

मास्तरांनी चाकू उघडला. पातं पुटाला टेकवलं, आणि उजेडात त्यांना वरच्या थरातले बोटांचे ठसे दिसले. चार. त्यातला करंगळीचा बाहेर वळलेला.

"लहानपणी रहाटात दबली होती तिची करंगळी," प्रभाकरराव म्हणाले. ते ठशांकडे नाही, भिंतीकडे पाहत होते. "काऊन थांबले, मास्तर? खरडा ना."

नालवाडीच्या घरी लोणच्याच्या बरणीवर शरयूनं बांधलेलं फडकं होतं. त्याची गाठ मास्तरांनी अजून सोडली नव्हती.

ते खाली वाकले. पुटाच्या कडेला डोळा लावून पाहिलं, नखानं एकदा टकटक केलं. आतून काहीच कळत नव्हतं. मग त्यांनी देवेंद्रला फोन लावला.

"बोला काका. आहे काय काही?"

"आहे. फार कमी उरल्या अशा. कटरवाल्याले नाई म्हणून सांग."

"पक्कं ना? उद्या कोणी हसाले नको."

"पक्कं. आन् ऐकजो, इले धुवू नका, पुसू नका. आहे तशीच राहू द्या. नाकाले तं हातच नको."

"बरं काका. तुमी म्हणता तं ठेवतो."

फोन बंद झाला. प्रभाकरराव अजून भिंतीकडेच तोंड करून उभे होते.

"मास्तर, तुमी तं खरडलंच नाई."

"चहा ठेवता काय?"

"दूध नाई घरात. काळा चालन?"

"चालन," मास्तर म्हणाले आणि त्यांनी चाकू मिटला.