दोघींपुरता तंबू

“वन्सं, तुमचं कोपर माझ्या बरगडीत रुततंय.”

“माझं कोपर जिथल्या तिथे आहे. तुझी बरगडीच इकडे आलीय.”

दोघी उताण्या पडल्या होत्या, बूट बाहेर काढून, हात छातीवर ठेवून. डोक्यावर निळसर कापड होतं, इतकं झिरझिरीत की त्यातून दुकानाचा पंखा फिरताना दिसत होता. पाण्याच्या तळाशी पडून वरून जाणाऱ्या होडीकडे पाहावं तसा. वारा आला की कापड खाली उतरायचं, आता नाकाला टेकणार असं वाटायचं, आणि पुन्हा वर जायचं. रस्त्यावरचे भोंगे, खालच्या सायकलवाल्याची हातोडी, सगळं लांबून, दुसऱ्याच कुणाच्या तरी दुपारीतून आल्यासारखं ऐकू येत होतं.

“कसं वाटतंय?” दुकानदारानं बाहेरून विचारलं.

“पाकिटात घातल्यासारखं,” वन्सं म्हणाल्या. “तिकीट चिकटवा आणि टाका पेटीत.”

वहिनीला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. वन्संच्या बोलण्यावर हसायची तिला सवय नव्हती.

दुकानदार पन्नाशीचा, काटकुळा माणूस होता. चष्मा कपाळावर चढवलेला आणि डोक्यात वजनाचं वेड. “डोंगरात माणूस उंचीनं दमत नाही, ओझ्यानं दमतो,” तो सांगू लागला. “तुम्ही पडलाय तो तंबू सव्वा किलोचा. त्याच्या शेजारचा पावणेदोन. तुम्ही म्हणाल, अर्ध्या किलोनं काय होतंय? तिसऱ्या चढाला विचारा मला. मी तर दात घासायच्या ब्रशची दांडीसुद्धा अर्धी कापून टाकलीय.”

“दांडी कशाला, मी दातच काढून ठेवू शकते,” वन्संनी आतून सांगितलं. “पण मग वर जाऊन खाऊ काय?”

या वेळी मात्र वहिनीचं हसू सुटलंच. तंबू गदगदा हलला.

वहिनीनं सगळी नोकरी इस्पितळाच्या एक्स-रे विभागात काढली होती. अंगावर शिशाचा जाड एप्रन, समोर कोणीतरी उघड्या छातीचं, घाबरलेलं. “श्वास घ्या. रोखून धरा. सोडा.” दिवसभर हीच तीन वाक्यं. त्या एप्रननं तिचे खांदे कायमचे पुढे झुकले होते. गेल्या वर्षी ती निवृत्त झाली, तरी कपाटातून साधी शालही ती अशी दोन्ही हातांनी उचलायची, की जणू ती जड निघणार आहे.

वन्सं तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. बसस्थानकावरच्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांची घोषणा करायच्या. त्यांच्या आवाजानं अख्खं गाव हलायचं. माणसं बोचकी उचलून धावायची. त्या स्वतः मात्र कधी कुठे गेल्या नाहीत. पुढे त्यांचाच आवाज यंत्रात भरून घेतला आणि त्यांना घरी पाठवलं.

उभं आयुष्य दोघी एका घरात राहिल्या. तुझं माझं जमेना एवढंच त्यांच्या बाबतीत खरं होतं. तुझ्यावाचून करमेना हा पुढचा अर्धा भाग लागू व्हायची वेळच आली नव्हती. मधे तो होता, एकीचा नवरा, दुसरीचा भाऊ. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात मीटर वाचणारा, लांब हातापायांचा, सावकाश बोलणारा माणूस.

“वहिनीला सांग, माझा टॉवेल तिच्या चादरीखाली घालू नकोस म्हणावं.”

“वन्संना सांगा, दोरी माझ्या एकटीची नाही.”

दोघी हाताच्या अंतरावर उभ्या असल्या तरी निरोप त्याच्यामार्फत जायचा. तो पोचवायचा, पण त्यातलं तिखट काढून.

त्याला एकच नाद होता. ज्या तळ्याचं पाणी पाइपातून गावात येतं, ते त्याला बघायचं होतं. शेवटच्या बसथांब्यापासून दोन दिवसांची चढण. “जन्मभर ते पाणी मोजतोय,” तो म्हणायचा, “एकदा त्याच्या घरी जाऊन यावं.” निवृत्तीनंतर जाऊ म्हणाला, मग थंडी सरल्यावर जाऊ म्हणाला, आणि एका रात्री झोपेतच गेला.

त्यानंतर बरेच दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. बोलणार कसं? निरोप्याच नव्हता. मग एका सकाळी वन्सं ओरडल्या, “वहिनी, दूध उतू जातंय!” वहिनीनं गॅस बंद केला आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. वन्संनी तिला थेट काही सांगितल्याला किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

त्याच महिन्यात वन्संनी जाहीर केलं की त्या आता मैत्रिणीकडे राहायला जाणार. मैत्रीण दुसऱ्या गावात एकटी होती, घर मोठं होतं. वहिनी “बरं” म्हणाली. त्यांचं सामान खोक्यात भरताना तिनं मदतही केली. आणि एक खोकं दोऱ्यानं बांधता बांधता ती सहज म्हणून गेली, “मी तळ्यावर जाऊन येणार आहे.”

“एकटी? पडलीस बिडलीस तर कोणाला कळणार?”

“मग काय करू?”

वन्संनी गाठ घट्ट ओढली. “मी येते. जाता जाता.”

अशी तंबू घ्यायची वेळ आली.

“आता बाहेर कसं यायचं?” वन्संनी विचारलं. दार वहिनीच्या बाजूला होतं. सव्वा किलोत एकच दार बसतं.

“मला ओलांडून या.”

वन्सं उठल्या, छताला डोकं लागलं, एक गुडघा वहिनीच्या पलीकडे टाकला आणि तिथेच अडकल्या. ना इकडे, ना तिकडे. त्यांचा चेहरा वहिनीच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आला. इतक्या जवळून वहिनीनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं. डोळे अगदी त्याच्यासारखे होते. कडेला तशीच तपकिरी धूळ उडाल्यासारखी.

“काय बघतेस?”

“काही नाही. श्वास सोडा, वन्सं. रोखून धरलाय तुम्ही.”

शेवटी दुकानदारानं हात देऊन त्यांना ओढून काढलं. “एका दाराचं असंच असतं,” तो शांतपणे म्हणाला. “शिवाय याला एकच पदर. दोन माणसांचा श्वास रात्रभर कापडाला लागतो आणि पहाटे तोच पाणी होऊन अंगावर टपकतो. पावणेदोनवाल्याला दोन पदर, दोन दारं.”

“म्हणजे दाराला वजन असतं,” वहिनी म्हणाली.

“प्रत्येक गोष्टीला असतं.” मग तो थांबला. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणून त्यानं वहिनीकडे नीट पाहिलं. “तळ्यावर जाणार म्हणालात ना तुम्ही? एक गृहस्थ यायचे पूर्वी. उंच. चष्म्याला दोरी. मीटर वाचायला आले की वर चढून यायचे आणि तंबूत पडून राहायचे. त्यांनाही तळ्यावरच जायचं होतं.”

वन्संनी नुसती नकारार्थी मान हलवली, तेवढ्यावर त्याला उलगडा झाला.

“अरेरे,” तो हळू आवाजात म्हणाला. “बरेच दिवस दिसले नाहीत, तेव्हा वाटलं, गेले असतील डोंगरात. फार भांडायचे हो माझ्याशी! त्यांना तिघांचा तंबू हवा होता. हलका. मी सांगून सांगून दमलो की साहेब, तिघांचा म्हटलं की वजन वाढणारच. ते म्हणायचे, शोधा, कुठे तरी निघत असेल.”

“तिघांचा?” वन्संनी विचारलं. घोषणा करणाऱ्या त्या भरदार आवाजाचा नुसता धागा उरला होता.

“हो. बायको आणि बहीण, दोघींना नेणार म्हणाले.”

त्यानं घरात ताकास तूर लागू दिली नव्हती. वहिनीला वाटायचं, तळं म्हणजे आपल्या दोघांची गोष्ट. वन्संना वाटायचं, दोघं जातील आणि आपल्याला कुलूप सांभाळायला ठेवतील. ते त्यांनी मनात गिळून ठेवलं होतं. आणि तो मात्र इथे, या पंख्याखाली, तिघांना मावेल अशी हलकी जागा शोधत पडलेला असायचा.

“तो तिघांचा आहे का तुमच्याकडे?” वहिनीनं विचारलं.

दुकानदारानं मागच्या खोलीतून पिशवी आणली, काठ्या जोडल्या, आणि फरशीवर एक मोठा हिरवा तंबू उभा राहिला. दोघी आत शिरल्या. वन्सं डाव्या कडेला आडव्या झाल्या, वहिनी उजव्या कडेला. सांगितलं कोणी नव्हतं, पण मधली जागा मोकळी राहिली.

हिरव्या कापडातून आलेला उजेड पानाखालच्या उजेडासारखा होता. बाहेर दुकानदार कुणाशी तरी दबक्या आवाजात बोलत होता. हातोडी थांबली होती. वहिनीचे डोळे जड झाले. कुणीतरी मधे येऊन पडल्यासारखं तिला वाटलं. लांब पाय गोळा करत, आवाज न करता, उशिरा आलेला माणूस पडतो तसं. त्याच्या कपड्यांना ओल्या लोखंडाचा वास होता, मीटरच्या झाकणांचा. तिला म्हणायचं होतं, इतका वेळ कुठे होतात? पण विचारलं तर तो उठून जाईल, असं वाटून ती गप्प राहिली. पलीकडे वन्संही श्वास धरून होत्या. तिघं पडून राहिली. कापड खाली आलं, वर गेलं. कुणाला कुणाकडून काही सांगायचं नव्हतं.

डोळे उघडले तेव्हा मधे तंबूचा गुळगुळीत तळ होता आणि त्यावर वन्संचा हात पालथा पडलेला होता.

“मला डुलकी लागली वाटतं,” वहिनी म्हणाली.

“मलाही.”

“यात पिशव्या ठेवायला जागा होईल. दुकानदार म्हणत होता, पुष्कळ जण दोघांसाठी तिघांचाच नेतात.”

वन्संनी तो हात उचलून परत छातीवर घेतला. “नको वहिनी. मोकळी जागा पाठीवर घेऊन चढवायची नाही मला. त्याच्यासारखं लांब पायांचं कोणी नाही आता आपल्यात. हा नको.”

“मग?”

“दोन दारांचा. पावणेदोन.”

दुकानदारानं तो बांधून दिला. घराकडे जाताना वन्संनी तंबू आपल्या काखेत धरला आणि अर्ध्या वाटेवर, न बोलता, वहिनीकडे दिला.

बस सकाळची होती. पाठीवर पिशव्या लावून त्या स्थानकावर उभ्या होत्या तेव्हा वर कर्ण्यातून वन्संचा जुना, तरुण आवाज घुमला. गाडी कुठून कुठे जाते, मधे कुठे थांबते, आणि प्रवाशांनी आपलं सामान सांभाळावं. वन्संनी मान वर करून शेवटपर्यंत ऐकलं.

“चांगलं बोलायचात,” वहिनी म्हणाली.

“तेव्हा कुठे माहीत होतं, स्वतःलाच सांगतेय म्हणून.”

चढण अवघड होती. पहिल्या दिवशी वहिनीच्या टाचेला फोड आले आणि वन्संनी कापूस लावून दिला. दुसऱ्या दिवशी एका कड्याखाली वन्संनी बसकण मारली आणि “मला इथेच सोड” म्हणाल्या. वहिनी शेजारी बसून राहिली, तेव्हा आपणच चिडून उठल्या. संध्याकाळी झाडी संपली आणि समोर तळं आलं. फार मोठं नव्हतं. काठाला एक लोखंडी फाटक, पाण्याची पातळी दाखवणारी एक पट्टी, आणि त्यापलीकडे डोंगराची अख्खी सावली पाण्यात उतरलेली.

वहिनी ओंजळभर पाणी प्यायली.

“कसं आहे?”

“घरच्या नळासारखंच लागतं.”

“मग एवढं चढून मिळालं काय?”

“तेच.”

वन्संही प्यायल्या. मग बराच वेळ ओली बोटं गालाला लावून बसल्या.

सकाळी वन्सं आपल्या दारातून बाहेर आल्या आणि वहिनी आपल्या. धुकं पाण्यावरून इतकं सावकाश सरकत होतं, की तळंच कुठे तरी चाललंय असं वाटत होतं. स्टोव्हवर चहा उकळला. दोघी कप हातात धरून बसल्या.

“वन्सं,” वहिनी म्हणाली. हे वाक्य तिनं पूर्वी कुणाकडून तरी पाठवलं असतं. “जाऊ नका.”

वन्संनी फुंकर मारून चहा निववला. “तू घोरतेस.”

“तुम्हीसुद्धा.”

“मग घरी मधे भिंत आहे ते बरंच आहे.” त्यांनी एक घोट घेतला. “खाली उतरल्यावर मैत्रिणीला फोन करते. म्हणते, खोली अडवून ठेवू नकोस.”

तंबू त्यांनी दोन्ही टोकांनी धरून झटकला, आणि चुकत माकत, एकमेकींना सूचना देत गुंडाळला. तो होता तिथलं गवत दबून जमिनीला चिकटलं होतं. दोन अंगांचे दोन खळगे, शेजारी शेजारी. सगळीकडे दव पडलं होतं, तिथे मात्र कोरडं होतं.

वन्सं वाकल्या. अंथरुणावरची सुरकुती काढावी तसा त्यांनी गवतावरून हात फिरवला, आधी एका खळग्यावर, मग दुसऱ्यावर. काही पाती उठली, काही तशीच राहिली. वहिनी पाठीवर पिशवी घेऊन उभी होती. ती घाई करा म्हणाली नाही.